काळी पाचवरून काळी चारवर

ईरा, शाळेत ‘माझी आजी’ या विषयावर तू जे लिहिलंस, ते तुझ्या आईनं मला पाठवलं. छान लिहिलं आहेस. फक्त ‘माझी आजी मुलुंडला राहते आणि आता निवृत्त आहे’ हे वाक्य खोडून टाक. मुलुंडला राहते इथपर्यंत ठीक आहे. निवृत्त तुझे आजोबा आहेत, आणि ते काम ते अगदी मन लावून करतात.

आणि नील, व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या बघून तू विचारलंस, आजी कुठला गेम खेळते. तो गेम नव्हे. आजीची नोकरी आहे ती. या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की तुम्हा दोघांनाच सांगायचं. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागेल. लागू दे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे पियानो शिकवणाऱ्या बाईंनी मला दोन सवयी लावल्या. पाच ओळींवर लिहिलेलं संगीत घडाघडा वाचायचं, आणि वाजवून झालं की झाकण बंद करायचं. पहिलीवर मला नोकरी मिळाली, दुसरीवर ती टिकली. अंधेरीच्या एका स्टुडिओत मी वादकांसाठी कागद लिहून द्यायचे. संगीतकार गुणगुणायचा, कुठलं वाद्य कुठे येणार ते अरेंजर ठरवायचा, आणि कुठल्या व्हायोलिननं काय वाजवायचं ते प्रत्येकाच्या कागदावर स्वच्छ उतरवायचं काम माझं. मोठ्या खोलीत वादक ओळीनं बसायचे. माझा कागद वाचता आला नाही असं कुणी कधी म्हणालं नाही, हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवते.

मग वादक यायचे कमी झाले आणि शेवटी थांबलेच. त्यांच्या जागी संगणकातली वाद्यं आली. हा प्रकार काय, ते आधी समजून घ्या. कुणीतरी खऱ्या व्हायोलिनचा एकेक सूर, जोरात, हळू, लांबवून, तोडून, असा रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. आपण पियानोसारख्या पट्टीवर बोट दाबलं की संगणक त्यातला नेमका सूर काढून वाजवतो. माझ्या पडद्यावरच्या त्या रंगीत पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. या वाद्यांच्या ट्रॅकमध्ये आवाज नसतो. असतात त्या फक्त सूचना: हा सूर, इतक्या जोरात, इतका वेळ. आवाज रेकॉर्ड केलेला ट्रॅक म्हणजे शिजलेली खिचडी, आणि हा ट्रॅक म्हणजे खिचडीची कृती. खिचडी खारट झाली तर झाली. कृतीत मात्र मिठाचा चमचा केव्हाही कमी करता येतो.

एका नाटकासाठी असे शंभरावर ट्रॅक सहज होतात. त्यांना नावं द्यायची, रंग द्यायचे, व्हायोलिनं एका गटात, ताल दुसऱ्या गटात असं बसवायचं, आणि कुठला आवाज कुठल्या वाटेनं बाहेर पडणार ते ठरवायचं. हे वाटा ठरवणं म्हणजे रूटिंग. हीच माझी नोकरी. ज्यांच्यासाठी मी कागद लिहिले, त्यांच्या जागा घेतलेल्या आवाजांची व्यवस्था मी आता बघते. याचा मला फार आनंद आहे असं नाही. पण काम वाईट झालेलं मला बघवत नाही, मग ते कुणाचंही असो.

वाट चुकली तर काय होतं, ते एकदा घाटकोपरच्या एका समारंभात मी प्रेक्षकांत बसून पाहिलं. गायकाच्या कानात एक बारीक यंत्र असतं. त्यात ठेका मोजणारी टिकटिक आणि संगीतकाराच्या आवाजातल्या सूचना येतात. त्या फक्त त्याच्यासाठी असतात. तिथे कुणीतरी त्यांची वाट सभागृहाच्या स्पीकरकडे काढून ठेवली होती. पहिलं कडवं संपलं आणि छतातून धीरगंभीर आवाज आला, “आता टाळ्यांसाठी थांब.” लोकांनी आज्ञाधारकपणे टाळ्या वाजवल्या. गायक बिचारा तीनदा वाकला. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “नवीन पद्धत दिसते. चांगली आहे, आपल्याला कळत नाही ना कधी वाजवायच्या ते.”

हे हसण्यावारी गेलं. आता सांगते ते तसं जाणारं नव्हतं.

आमचा संगीतकार प्रसाद माझ्या मुलाच्या वयाचा आहे. डोक्यात सूर भरपूर, टेबलावर जागा नाही. त्यानं एका नव्या संगीत नाटकाची गाणी केली. त्यात कोकणातली होडी चालवणारी एक बाई आहे, तिच्यावर सगळं नाटक उभं. ती भूमिका शालनची. शालन माझ्या बरोबरीची, मूळची कुडाळकडची, रंगमंचावर शुद्ध बोलणारी आणि विंगेत आली की मालवणीवर येणारी. प्रसादनं गाणी तिचा गळा समोर ठेवूनच बांधली होती. वादक ठेवणं निर्मात्याला झेपणारं नव्हतं, म्हणून सगळी साथ ट्रॅकवर होती.

तालमी अर्ध्यावर आल्या असताना शालनच्या गळ्याला गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. ती नीट झाली, बोलणं पूर्ववत झालं, डॉक्टरांनी गायलाही परवानगी दिली. पण गळा पूर्वीइतका वर जाईना.

गाणारे लोक आपली उंची पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, त्यांतली जी आपला ‘सा’, ती आपली पट्टी. शालन आयुष्यभर काळी पाचमध्ये गायली. आता तिला काळी चार हवी होती. म्हणजे मधली एक पांढरी ओलांडून दोन घरं खाली. पेटीवाला समोर असता तर बोटं सरकवून मोकळा झाला असता. इथे साथीला लॅपटॉप होता.

नाटकाचे निर्माते दळवी मुलुंडच्या नाट्यगृहाची तारीख घेऊन बसले होते. शनिवारी पहिला प्रयोग. भूमिकेसाठी त्यांनी एक तरुण मुलगी पाठांतर करून तयार ठेवली होती. मुलगी गुणी होती, काळी पाचमध्ये छान गायची, आणि तिचा यात काहीच दोष नव्हता.

सोमवारच्या तालमीत प्रसाद म्हणाला, “दोन घरंच ना? दोन सेकंदांचं काम.” त्यानं सगळे ट्रॅक एकदम निवडले, सगळे दोन घरं खाली ओढले आणि वाजवलं.

त्या क्षणी जे वाजलं ते लिहून दाखवता येणार नाही, तरी प्रयत्न करते. संथ लांब सूर धरणारी व्हायोलिनं टुणटुण तारा छेडायला लागली. ढोलकीची थाप पडायची तिथे घुंगरू वाजले, आणि घुंगरांच्या जागी कुणीतरी शिट्टी मारली. होडी समुद्रात लोटायचं गंभीर गाणं ते. बॅकस्टेजची मंडळी हसून लोटपोट झाली. प्रसादही हसला, “वाट लागली ना यार!”

शालन रंगमंचाच्या मधोमध उभी होती. ती हसली नाही.

दळवी म्हणाले, “शालनताई, मला वाईट वाटतं, पण यंत्राला जमत नाही म्हटल्यावर मी काय करू? शनिवार पुढे ढकलता येत नाही.”

शालन विंगेत आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. “वरचो सूर लागत नाय माका, ह्या मी मान्य केलंय गो,” ती म्हणाली. “पण गाऊकच नको असा सांगतत हे. एकदा ह्या वयात बाहेर काढल्यानी, मगे कोण इचारतला माका?”

मी उठले आणि दळवींकडे गेले. “दळवी, यंत्राला जमत नाही असं नाही. यंत्राला आपण चुकीचं काम सांगितलं. मला गुरुवारच्या तालमीपर्यंत वेळ द्या.”

“आणि गुरुवारी नाही झालं तर?”

“तर त्या मुलीला उभं करा. मी अडवणार नाही.”

“सुधाताई, मी गुरुवारी एकच गाणं नाही, सगळी ऐकणार.”

“सगळीच ऐका.”

प्रसादला हे आवडलं नाही. रिक्षात बसताना तो म्हणाला, “काकू, ती मुलगी मस्त गाते. का उगाच डोक्याला ताप?”

मी म्हटलं, “प्रसाद, गाणी कुणासाठी बांधलीस?”

“शालनताईंसाठी.”

“मग तिलाच गाऊ दे. उद्या सकाळी तुझं सेशन मला उघडून दे आणि तू घरी जाऊन झोप.”

आता काय बिघडलं होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हायोलिनच्या ट्रॅकमध्ये सुरांबरोबर काही मुके सूरही असतात. पट्ट्यांच्या अगदी डावीकडचे. त्यांचा आवाज येत नाही, ते वाद्याला हुकूम देतात: आता गज ओढ, आता तार छेड, आता थरथर. स्टुडिओत त्यांना कीस्विच म्हणतात. प्रसादनं सगळंच खाली ओढलं, तेव्हा हुकूमही दोन घरं सरकले. ‘गज ओढ’च्या जागी ‘तार छेड’ येऊन बसलं. तालवाद्यांचं तर आणखी वेगळं. तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळा आवाज ठेवलेला असतो, एकीवर ढोलकीची थाप, शेजारी तिच्या कडेवरची चाट, पुढे घुंगरू. ताल खाली आणायचा नसतोच. त्याला हात लावला की एकाचं दुसरं होतं. ही चूक आमच्या धंद्याबाहेरचा माणूस करूच शकत नाही, आणि आमच्या धंद्यात ती एकदा तरी न केलेला माणूस मला भेटलेला नाही.

मंगळवारी सकाळी मी प्रसादचं सेशन, म्हणजे नाटकाचे सगळे ट्रॅक असलेली फाईल, उघडलं. ट्रॅकची नावं अशी होती: ‘व्हायोलिन नवीन’, ‘व्हायोलिन नवीन खरं’, ‘हे नको’, ‘हे नको पण ठेव’, ‘घे हा’. सगळ्यांचा रंग एकच, करडा. तुझं कपाट आठवलं मला, नील.

मी पदर खोचला. आधी एकेक ट्रॅक एकट्यानं ऐकायचा आणि त्याला खरं नाव द्यायचं. मग तीन ढीग. सुरांचा निळा, ताल तांबडा, आणि खऱ्या माणसानं वाजवून रेकॉर्ड केलेलं ते पिवळं. तांबड्याला कुलूप, म्हणजे चुकूनसुद्धा सरकणार नाही. निळ्या ढिगातल्या प्रत्येक वाद्याचे हुकूम कापून शेजारी दुसऱ्या ट्रॅकवर ठेवले आणि दोन्ही ट्रॅकची वाट त्याच वाद्याकडे वळवली. एका ट्रॅकवरून सूर जातात, दुसऱ्यावरून हुकूम, वाद्य एकच. आता सूर हवे तितके खाली न्या, हुकूम जागेवर राहतात. हे काम अवघड नाही. कंटाळवाणं आहे. कंटाळा न करणं एवढंच माझं कौशल्य, आणि ते मी कमी लेखत नाही.

बुधवारी दुपारपर्यंत, पिवळा ढीग तेवढा बंद ठेवून, सगळी गाणी काळी चारमध्ये आली. व्हायोलिनं गज ओढत होती, ढोलकी ढोलकीसारखी वाजत होती. तरीही होडीच्या गाण्यात काहीतरी आंबट लागत होतं. प्रसाद तोवर येऊन बसला होता. “मला तर बरोबर वाटतंय, काकू.”

“तुला झोप झाल्यावर सगळं बरोबर वाटतं.”

मी व्हायोलिनांचा गट बंद केला. मग बासऱ्या, मग पेटी, मग ताल. सगळे गट बंद. आता पूर्ण शांतता हवी. पण कुठून तरी बारीक गुंजन येतच होतं. म्हणजे कुठलातरी आवाज गटातून न जाता परस्पर बाहेर पडत होता. शोधत गेले तर प्रसादनं एक तानपुरा पडद्यावरून लपवून ठेवला होता, आणि त्याची वाट थेट मुख्य दारातून काढली होती. त्याची पट्टी सुरांवर नसून एका खटक्यावर ठरायची, म्हणून तो मुक्कामी काळी पाचमध्येच बसला होता.

“अरे हा!” प्रसाद म्हणाला. “हा मला सापडत नव्हता म्हणून मी दुसरा लावला.”

मी खटका काळी चारवर फिरवला आणि तानपुऱ्याला गटात आणून बसवलं. तुम्हा दोघांना सांगते, जीभ आवरायला मला बरेच कष्ट पडले.

उरला पिवळा ढीग. त्यात एकच महत्त्वाचं होतं, बासरी. तीही आधी संगणकातलीच होती, पण होडीच्या गाण्यात ती ऐकवेना, म्हणून घाटकोपरच्या कांबळेंना बोलावून खरी वाजवून घेतली होती. शिजलेली खिचडी. दोन घरं खाली ओढली तर बासरीला सर्दी झाल्यासारखी वाटायची. प्रसाद म्हणाला, पुन्हा संगणकातली लावू. मी कांबळेंना फोन केला.

कांबळे संध्याकाळी बासऱ्यांची लांब पिशवी घेऊन आले. काळी चारची बासरी काढून त्यांनी फुंकून पाहिली आणि मला म्हणाले, “ताई, कॉम्प्युटरला जमलं नाही म्हणून माणूस बोलावला? हे बरं झालं. उलटंच ऐकायची सवय झाली होती.”

“उद्या तालमीलाही या,” मी म्हटलं. “सगळ्या बासऱ्या घेऊन.”

“रेकॉर्डिंग तर झालं की.”

“झालं. पण गळा कुणाच्या सांगण्यावर चालत नाही. आलात तर बरं.”

गुरुवारी दळवी तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले. त्यांच्या शेजारी ती मुलगी, मांडीवर संहिता घेऊन. शालनला मी विंगेत एवढंच सांगितलं की व्हायोलिन टुणटुणलं तर सरळ माझ्याकडे बघ.

“बघतंय कशाक? हाणतंय,” ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं एकेक गाणं म्हटलं. आवाज पूर्वीचा नव्हता. थोडा दाणेदार झाला होता, आणि त्या होडीवालीला तो पूर्वीपेक्षा जास्त शोभत होता. दळवींची घडी सुटली. शेवटी होडीचं गाणं आलं. तोवर ती थकली होती. दुसऱ्या कडव्याच्या वरच्या सुरावर गळा फाटला आणि ती थांबली.

सगळे थांबले. दळवी हळूच त्या मुलीकडे वळले.

शालननं डोळे पुसले नाहीत, पाणी मागितलं नाही. ती विंगेकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, “सुधा, अजून एक घर खाली होतला?”

“पांढरी पाच?”

“होय गो.”

प्रसाद माझ्या कानाशी कुजबुजला, “काकू, बासरी नाही उतरणार!”

मला माहीत होतं. मी बासरीचा पिवळा ट्रॅक बंद केला, निळा ढीग निवडला, एक घर खाली घेतला, तानपुऱ्याचा खटका फिरवला आणि कांबळेंकडे पाहिलं. ते पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी पिशवीतून थोडी लांब बासरी काढली, ओठाला लावून एक सूर तपासला आणि मान हलवली. हे सगळं इतक्यात उरकलं की दळवी अजून त्या मुलीशी बोलायला तोंड उघडतच होते.

गाणं पुन्हा सुरू झालं. बासरीच्या जागी आता समोर बसलेला माणूस वाजवत होता, आणि शालन त्याच्याकडे बघून गात होती. एका ठिकाणी तिला श्वासाला जागा हवी होती, तर त्यानं आपला सूर लांबवून ती भरून काढली. शिजलेली बासरी हे करू शकली नसती. वरचा सूर आला, आणि लागला.

गाणं संपल्यावर पहिली टाळी त्या तरुण मुलीनं वाजवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दळवी उठून रंगमंचाजवळ आले. “शालनताई, शनिवारी तुम्हीच. कांबळे, तुम्ही प्रयोगाला बसाल का? प्रत्येक प्रयोगाला?” कांबळे म्हणाले, बसतो की. मग दळवी माझ्याकडे वळले. “सुधाताई, आणि तुम्हीही. ते खालीवर करायला.”

म्हणून ईरा, तुझी आजी निवृत्त नाही. दर प्रयोगाला मी विंगेत लॅपटॉपसमोर बसते, माझ्या बाजूला कांबळे त्यांची पिशवी उघडून बसतात. व्हायोलिनवाले परत आले नाहीत, तेवढं माझ्या हातात नव्हतं. एक बासरीवाला परत आला. पडदा उघडण्यापूर्वी शालन येते, एक सूर लावून बघते, आणि मी विचारते, “आज कुठली?” बहुतेक दिवस काळी चार. दमलेली असली की पांढरी पाच. ती सांगेल तिथे आम्ही दोघं तिच्यासाठी जागा करतो.

मागच्या प्रयोगाला दळवी विंगेत माझ्यापाशी आले. आत शालन गात होती. बराच वेळ ऐकून ते हळू आवाजात म्हणाले, “सुधाताई, अजून खूप प्रयोग करायचे आहेत. हिचा गळा आणखी उतरला तर?”

मी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, “उतरू दे. खाली अजून पुष्कळ पट्ट्या आहेत.”